दारी झुलणारा हत्ती

जुलै २०२५च्या अखेरीस नांदणीच्या मठातली हत्तीण महादेवी, म्हणजे गावाची माधुरी, न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या प्राणी केंद्राकडे निघाली तेव्हा सगळ्या कोल्हापूर जिल्ह्यानं तिचा डोळा पाहिला. डोळ्याखालून गालावर उतरलेला तो ओला पट्टा पुढे कित्येक दिवस फोनवर फिरत राहिला. माधुरी रडली, असं लोक एकमेकांना सांगत होते आणि सांगता सांगता त्यांचेच डोळे भरत होते. त्या माणसांच्या रडण्यावर शंका घ्यायचं काहीच कारण नाही. १९९२पासून जी मठात होती, जिच्यासमोर गावातली एक पिढी लहानाची मोठी झाली, ती एका रात्री गाडीत चढून निघून जाते तेव्हा घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटणार. टोचत राहिली ती वेगळीच गोष्ट. न्यायालयातला सगळा वाद तिच्या पायांशी येऊन ठेपला होता. समोर आलेल्या अहवालांमध्ये वाढलेली नखं, पायांचे विकार, अंगावरच्या जखमा असे शब्द होते. मठाला ते मान्य नव्हते. पण एवढ्या गर्दीत डोळ्याकडे बघणारे हजारो होते, आणि खाली वाकून पाय बघणारे फार थोडे.

डोळ्याचं आधी सांगून टाकतो. आपल्या डोळ्यातलं पाणी एका बारीक नळीतून नाकात उतरतं, म्हणून रडताना आपलं नाक गळतं. हत्तीला ती नळीच नसते. आपल्यासारखी अश्रुग्रंथीही नसते. डोळा ओला ठेवणारा स्राव तिसऱ्या पापणीजवळच्या एका वेगळ्या ग्रंथीतून येतो. जास्तीच्या पाण्याला आत जायला वाट नाही, म्हणून ते पापणीवरून बाहेर ओघळतं, गालावरच्या धुळीत मिसळतं आणि काळपट पट्टा उमटतो. सुखात असलेल्या हत्तीच्या गालावरही तो असतो, दुखण्यात असलेल्याच्याही. हत्तीला दुःख होत नाही असं मला मुळीच म्हणायचं नाही. मेलेल्या सोबतिणीपाशी तासन्‌तास उभे राहणारे, तिच्या अंगावरून सोंड फिरवणारे हत्ती लोकांनी पाहिले आहेत. एवढंच, की त्याचं दुखणं वाचायची जागा डोळा ही नव्हे.

ती जागा जमिनीला टेकलेली असते.

हत्ती टाचेवर चालत नाही. तीन-चार टनांचा तो देह बोटांवर उभा असतो, टाच उंचावलेल्या बाईसारखा, आणि त्या बोटांखाली, मागच्या बाजूला, चरबीची आणि तंतूंची एक जाड गादी असते. वजन पडलं की गादी पसरते, पाय उचलला की आकसते. चिखलात रुतलेला पाय तो सहज उपसून काढतो तो यामुळेच, आणि एवढं मोठं जनावर पाचोळ्यातून आवाज न करता जातं तेही यामुळेच. पुढचा पाय गोल, मागचा लांबट. आपल्याकडच्या हत्तीला बहुधा पुढच्या पायाला पाच आणि मागच्या पायाला चार नखं असतात. अंगाचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर पडतं, त्यामुळे दुखणं आधी पुढे सुरू होतं. माहूत पुढच्या पायाच्या तळव्याचा घेर दोरीनं मोजतात आणि दुप्पट करतात. खांद्यापर्यंतची उंची जवळपास बरोबर येते. रानात हत्ती दिसलाच पाहिजे असं नाही, ठसा पुरतो. याच तळव्यात कंप ओळखणारे मज्जातंतूंचे अग्र असतात. दूरच्या कळपाचा, आपल्या कानांना ऐकू न येणारा खालच्या पट्टीतला घुमार हवेतून येतो तसा जमिनीतूनही येतो, आणि हत्ती पुढच्या पायांवर किंचित झुकून, सगळं अंग थिजवून तो ऐकतो. मिरवणुकीत ढोल आणि भिंतीएवढे ध्वनिवर्धक लावून त्याला त्यांच्या पुढ्यात उभं करतो तेव्हा कान फडकताना आपल्याला दिसतात. पायांतून वर काय चढत असेल याचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

या पायाला जगण्यासाठी दोनच गोष्टी लागतात, चालणं आणि मऊ जमीन. रानातला हत्ती दिवसातले १६ ते १८ तास चरत असतो, म्हणजेच चालत असतो. माती, वाळू, गवत, मुरूम, ओढ्यातले गोटे अशा बदलत्या जमिनीवर तळवा आणि नखं आपोआप घासली जातात आणि झिजेल तेवढं नवं येत राहतं. दारात बांधलेल्या हत्तीचा हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. चालणं नाही म्हणून नखं आणि तळव्याची कातडी वाढत जाते, तिच्यात घड्या आणि खाचा पडतात. खाली काँक्रीट किंवा फरशी असेल तर उभं राहण्याच्या जागीच तळवा झिजून पातळ होतो, आणि पातळ तळव्याला खडा रुततो. त्यात ओल. हत्ती दिवसाला सुमारे ५० लिटर मूत्र टाकतो आणि लीद १०० किलोच्या घरात. दीड-दोन मीटरच्या साखळीवर त्याला त्यातच उभं राहावं लागतं. ओलीनं कातडी मऊ पडते, खाचेत घाण बसते, वरून ती खाच मिटते आणि आत पू धरतो. बाहेरून काही दिसत नाही. हत्ती फक्त त्या पायावरचं वजन काढून दुसऱ्यावर टाकायला लागतो, सोंडेचं टोक सारखं एकाच नखापाशी नेतो. पू वाट शोधत वर चढतो आणि नखाच्या मुळाशी फुटतो. तोवर तो आतल्या हाडापर्यंत पोचला असेल तर उपचार महिन्यांवर, कधी वर्षांवर जातात. पाळलेल्या हत्तींच्या मरणामागे पायांचे आणि सांध्यांचे आजार फार मोठं कारण आहे, आणि त्यातले बहुतेक सुरुवातीला असे खाचेएवढेच असतात.

वेळेत बघितलं तर काम अवघड नाही, चिकाटीचं आहे. रोज सकाळी चारही पाय धुऊन, खाचा ब्रशनं साफ करून, प्रत्येक नख बघायचं. पाय गुडघ्याएवढ्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवायला हत्ती शिकतो. त्यासाठी मारावं लागत नाही, पाय ठेवला की केळं दिलं तर थोड्या आठवड्यांत स्वतःहून ठेवतो. नखं कापायला नालबंदाकडे असते तशी वाकड्या टोकाची सुरी आणि मोठी कानस लागते. दोन नखांमध्ये बोट फिरेल एवढी फट हवी. नखं एकमेकांना भिडली की दाबानं उभी भेग जाते, आणि नख वाढतं हळू, त्यामुळे वरपर्यंत गेलेली भेग भरून यायला महिनेच्या महिने लागतात. कापताना पातळ पापुद्रे काढायचे, गुलाबी दिसायला लागलं की त्या दिवसापुरतं थांबायचं. हावरेपणा करून एका दिवसात सगळं नीटनेटकं करायला गेलं की रक्त येतं, आणि तो हत्ती पुन्हा पाय द्यायला तयार होत नाही. जखम असेल तर कोमट पाण्यात पोटॅशियम परमँगनेट, पाणी फिकट गुलाबी होईल इतकंच, आणि त्यात १५-२० मिनिटं पाय बुडवून ठेवायचा. मग कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या हत्तिणीला तीन पायांवर फार वेळ उभं करायचं नाही. तिचा एक पाय बरा करताना दुसऱ्या तिघांचं नुकसान होतं.

श्रीमंती सांगायची तर मराठीत म्हणतात, त्यांच्या दारी हत्ती झुलत होते.

हा वाक्प्रचार ज्यानं पहिल्यांदा केला त्यानं नीट पाहून केला होता. दारात बांधलेला हत्ती खरोखरच झुलतो. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, डोकं वरखाली, एक पुढचा पाय उचलून पुन्हा तिथेच, तासन्‌तास, घड्याळासारखं. रानातल्या हत्तींमध्ये हे दिसत नाही. ज्या पायांनी दिवसभर चालायचं त्यांना जागेवर खिळवलं की चालणं अंगातच असं अडकून बसतं. पशुवैद्य याला बंदिवासातून आलेली विकृत सवय म्हणतात. चाऱ्याची वेळ जवळ आली की ते वाढतं, एकट्या ठेवलेल्या हत्तीत जास्त असतं, आणि वर्षानुवर्षं जडलं की साखळी सोडल्यावरही लगेच जात नाही. झुलण्यानं पुन्हा त्याच सांध्यांवर, तळव्याच्या त्याच कडांवर भार येतो. आपण मात्र त्याला डौल म्हटलं, लय म्हटलं, देवळासमोर तो डोलतो आहे असं म्हटलं आणि भक्तिभावानं हात जोडले. भाव खोटा नव्हता. भोंडल्यात पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात, तो हत्ती मधोमध स्थिर असतो आणि सगळं अंगण फिरतं. लहानपणापासून मनात ठसलेला हत्ती हा असा जागेवर उभा असलेलाच. तो चालणारा प्राणी आहे हे आपल्या ओळखीत फारसं आलंच नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रानहत्ती चालत आले तेव्हा ते कळलं, आणि तेव्हा आपण त्याला उपद्रव म्हटलं.

कागदावर हत्तीइतकं संरक्षण फार थोड्या प्राण्यांना आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो वाघाच्या पंक्तीला आहे, २०१०मध्ये त्याला राष्ट्रीय वारसा प्राणी म्हटलं गेलं. तरी वाघ दारात बांधता येत नाही आणि हत्ती येतो. मालकीचं प्रमाणपत्र असलं की झालं. कायद्याच्या व्याख्यांमध्ये 'वाहन' हा शब्द आहे; त्यात रेडा, बैल, उंट, गाढव, घोडा, खेचर यांच्या रांगेत हत्तीही बसवला आहे. शिकाऱ्यांनी वापरलेली वाहनं पकडता यावीत म्हणून ती व्याख्या, हे खरं. पण ज्याला पहिल्या अनुसूचीत घेतलं त्यालाच त्याच कायद्याच्या सुरुवातीच्या पानांवर वाहन म्हणावं लागलं, यात या जनावराची सगळी अडचण आली. कलम ४२ सांगतं की प्रमाणपत्र देण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकानं निवारा, देखभाल आणि पोषणाची पुरेशी सोय आहे याची खात्री करावी. कलम ४३ पाळलेला वन्यप्राणी विकायला मनाई करतं. विक्रीला मनाई, म्हणून हत्ती 'भेट' मिळू लागले, 'दान' मिळू लागले. २०२२च्या दुरुस्तीनं वैध प्रमाणपत्र असलेल्या मालकाला धार्मिक 'किंवा इतर कोणत्याही' कारणासाठी हत्ती दुसऱ्याला देण्याची, दुसरीकडे नेण्याची वाट मोकळी केली. 'इतर कोणत्याही' हे दोन शब्द मला आजही घाबरवतात. मार्च २०२४च्या नियमांनी त्याला थोडी कुंपणं घातली: मालक सांभाळू शकत नसेल किंवा नव्या जागी देखभाल अधिक चांगली होणार असेल किंवा मुख्य वन्यजीव रक्षकाला तसं योग्य वाटलं तरच हस्तांतर, जनावराचा जनुकीय आराखडा नोंदलेला हवा, पशुवैद्याचा दाखला हवा, प्रवासात माहूत आणि मदतनीस सोबत हवेत. जनुकीय नोंदीची अट मोलाची आहे. रानातून पकडलेलं पिल्लू हे घरच्याच हत्तिणीचं म्हणून कागदावर दाखवणं तिच्यामुळे अवघड होतं. हत्तीचा गर्भकाळ १८ ते २२ महिन्यांचा, आणि दारात एकटी बांधलेली हत्तीण विते असं क्वचितच घडतं. त्यामुळे नवं पिल्लू आलं की कुठून आलं हा प्रश्न पहिला विचारायला हवा.

आणि रोजच्या वागणुकीचं काय? त्यासाठी १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. जनावराला अवाजवी काळ, अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनं बांधणं हा त्यात गुन्हा आहे. किती मीटर म्हणजे आखूड, किती तास म्हणजे अवाजवी, हे त्यात नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हत्तीच्या एका दिवसाच्या वैरणीला याच्या कितीतरी पट पैसे लागतात. केरळनं २००३मध्ये पाळीव हत्तींसाठी स्वतंत्र नियम केले तेव्हा हे मोघमपण काढायचा प्रयत्न केला. त्यांत चाऱ्याचं प्रमाण हत्तीच्या उंचीप्रमाणे ठरवलं, सव्वादोन मीटरच्या वरच्या हत्तीला दिवसाला २५० किलोंपेक्षा कमी नाही. काटेरी पायबेड्यांना मनाई, वयाच्या ६५व्या वर्षी कामातून निवृत्ती. नियम मोडले जात नाहीत असं नव्हे, तिथल्या उत्सवांतल्या हत्तींचे हाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेच. पण आकडा लिहिलेला असला की तपासायला येणाऱ्याच्या हातात टेप असते. 'पुरेशी सोय' टेपनं मोजता येत नाही.

कोल्हापूरला हा प्रश्न माधुरीच्या आधी एकदा भेटून गेला होता. जोतिबाला २००७मध्ये अर्पण केलेला 'सुंदर' नावाचा हत्ती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २०१४मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याच्या प्राणी उद्यानात गेला. २०२५मध्ये त्याच न्यायालयानं मठाचा धार्मिक हक्क आणि हत्तिणीचं हित यांत संघर्ष आला तर हित आधी, असं स्पष्ट सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला. हे मला पटतं. तरीही गावावर झालेला घाव त्यानं भरत नाही. मठात हत्ती ठेवायची परंपरा पिढ्यांची; त्या लोकांना कुणी आधी येऊन, ठोकळा टेकवून, पाय उचलून दाखवला असता, की बघा, ही खाच, ही वाढ, हे असं वाढत जाणार, तर तेच गाव वाळू टाकायला ट्रॅक्टर घेऊन आलं असतं. ज्या हातांनी गूळ, केळी आणि लाडू भरवले त्यांना, प्रत्येक जास्तीचा किलो त्या चार तळव्यांवर उतरतो हे सांगणारं कुणी हवं होतं. तपासणी आली ती अहवाल होऊन, आणि अहवाल पोचला न्यायालयात.

मधल्या मधे राहिला तो माहूत. हत्तीच्या पायाबद्दल जे काही वर लिहिलं ते करणारे हात त्याचे. पण मालकी प्रमाणपत्रात मालकाचं नाव असतं, हत्तीच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा क्रमांक असतो. माहुताच्या पगाराची, घराची, विम्याची, त्याच्या क्षयाच्या तपासणीची ओळ कुठे सापडायची नाही. क्षय मुद्दाम म्हणतो. माणसाचा क्षय हत्तीला होतो. तपासायचा तर दोन्ही नाकपुड्यांत ६० मिलिलिटर सलाइन सोडायचं, सोंड उंच धरायला लावायची आणि मग पिशवीत फुंकायला लावायची, असं तीन वेगवेगळ्या दिवशी. ज्या हत्तीचा माहुतावर विश्वास नाही त्याच्यावर हे करूनच दाखवावं. माहूत दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या ठिकाणी अंकुश जास्त चालतो, कारण ओळखीनं होणारं काम भीतीनं करून घ्यावं लागतं.

गडचिरोलीत कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. तिथे हिवाळ्यात हत्तींना कामातून सुट्टी देतात आणि 'चोपिंग' करतात. वनौषधी उकळून त्यांचा लेप गरम गरम पायांना चोपायचा, शेकायचं, म्हणजे थंडीत तळव्यांना भेगा पडत नाहीत. रानातल्या कॅम्पांची आणखी एक जुनी रीत म्हणजे रात्री हत्तीला पायात लांब साखळी अडकवून चरायला मोकळं सोडायचं. साखळी मागे फरफटत जाते, मातीत तिची रेघ उमटते आणि सकाळी माहूत त्या रेघेवरून त्याला शोधत जातो. साखळी तीच. दारातली मीटर-दोन मीटरची त्याला थांबवते, रानातली रात्रभर त्याच्या मागे मागे चालते.

नांदणीजवळच केंद्र उभारून माधुरीला परत आणण्याची बोलणी पुढे सुरू झाली. ते कुठेही उभं राहो, बघायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. खाली माती किंवा वाळू, काँक्रीट फक्त पाय धुण्याच्या जागेपुरतं, तेही उताराचं. रात्री टेकायला वाळूचा ढीग, कारण सांधे धरलेली हत्तीण सपाट जमिनीवर आडवी व्हायला घाबरते. आडवी झाली तर उठता येईल याचा भरवसा तिला नसतो, आणि कठीण फरशीवर झोपली तर नितंबावर, गालावर दाबाच्या जखमा होतात. पूर्ण अंग बुडेल एवढं तळं, कारण पाण्यात असतानाच काय तो पायांवरचा भार उतरतो. चारा एका जागी न टाकता विखरून, उंच टांगून, वड-पिंपळ-उंबराच्या फांद्यांसकट, म्हणजे खायला चालावं लागेल. नुसत्या उसाच्या वाढ्यावर हत्ती जगतो पण धड राहत नाही. आणि दुसरी हत्तीण. हे सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत आधी हवं, कारण कळपात जन्मलेल्या बाईला माणसांच्या गर्दीत ठेवलं तरी ती एकटीच असते.

यातलं काय खरंच झालं हे बघायला येणाऱ्यानं काय करावं, ते जुने माहूत सांगतात. हत्तीला घाम येतो तो फक्त नखांच्या मुळाशी. सकाळी, अंघोळीच्या आधी, पुढच्या पायापाशी उकिडवं बसायचं, चिमूटभर कोरडी माती घ्यायची आणि नखाच्या वरच्या कडेला भुरभुरवायची. हत्तीण बरी असेल तर तिथे ओल असते आणि माती चिकटून राहते. आजारी असेल तर ती कड कोरडी पडलेली असते, आणि माती घरंगळून खाली येते.